लानचौचा पांढरा कंद

(दृश्य: बागेतली फरसबंदी. लांब दांड्याचा कुंचला पाण्याच्या बादलीत बुडतो.)

शाई नाही, कागद नाही. बादलीतलं पाणी आणि पायाखालची फरशी. चीनमधल्या शहरांच्या बागांमध्ये सकाळी असे लिहीत उभे असलेले आजोबा हमखास दिसतात. हे आजोबा लानचौचे. गान्सू प्रांताची ही राजधानी. मागे मातकट पाणी वाहतंय ती ह्वांग हो, पीत नदी. तिच्यावरचा लोखंडी पूल 1909 सालचा.

आत्ता त्यांनी वर काढलं ते अक्षर 'छ्यौ', म्हणजे शरद. त्याच्या पोटात आणखी दोन अक्षरं आहेत: डावीकडे धान्य, उजवीकडे आग. खाली काढतायत ते 'शिन', हृदय. शरदाच्या खाली हृदय मांडलं की तिसराच शब्द तयार होतो, 'छौ'. अर्थ: उदासी, काळजी, जिवाला लागलेली हुरहुर.

(दृश्य: अक्षर वरून खाली वाळत जातं. कॅमेरा स्थिर. इथे चार सेकंद निवेदन नाही.)

खालचं हृदय लिहून होईस्तोवर वरचा शरद वाळला. इथली हवाच तशी. वर्षाला पाऊस जेमतेम 300 मिलिमीटर, तोही बहुतेक उन्हाळ्यात. ऑक्टोबर लागला की ओठ फुटतात, घसा खवखवतो, कोरडा खोकला मागे लागतो. चिनी वैद्यकात या त्रासाला शरदाचा कोरडेपणा असंच नाव आहे. हा कोरडेपणा पहिला गाठतो तो फुप्फुसाला. आणि त्यांच्या हिशेबात शोक राहतो तोही फुप्फुसातच.

कोष्टक जुनं आहे. शरद म्हणजे धातुतत्त्व, पश्चिम दिशा, पांढरा रंग, तिखट चव. अवयव फुप्फुस, भावना शोक. 'ह्वांगदी नेइचिंग' या दोन हजार वर्षांच्या जुन्या ग्रंथात शरदाचे तीन महिने कसे काढावेत ते लिहून ठेवलंय: लवकर झोपा, कोंबड्याबरोबर उठा, मन शांत ठेवा, जीव बाहेर उधळू नका, आत गोळा करा. न ऐकणाऱ्यासाठी पुढचं वाक्य आहे, फुप्फुस दुखावेल आणि हिवाळ्यात जुलाब होतील. उदासीवरून थेट पोटावर! हसू येतं खरं, पण मन एकीकडे आणि शरीर दुसरीकडे अशी वाटणी या लोकांनी केलीच नाही, हे यातून नीट कळतं.

आपल्याकडे हाच महिना म्हणजे ऑक्टोबर हीट. 'वैद्यानां शारदी माता' म्हणत आपले वैद्य शरदात पित्तावर नजर ठेवतात. ऋतू एक, पण आपण उष्णतेकडे बघतो आणि हे कोरडेपणाकडे.

(दृश्य: पहाट. पिवळ्या मातीचे पायऱ्यापायऱ्यांचे उतार. कुदळीचा आवाज.)

शहरापासून दक्षिणेला डोंगर चढू लागलं की 2,000 मीटरच्या आसपास ही शेतं लागतात. माती भुसभुशीत, वाऱ्याने लाखो वर्षं वाहून आणून टाकलेली. हातात घ्या, पिठासारखी निसटते.

काकूंची कुदळ बघा कशी पडतेय. रोपावर नाही, चांगली वीतभर लांब. मग माती आपल्याकडे ओढायची आणि शेवटचं काम बोटांनी. कुदळीचा घाव बसलेला कंद बाजारात अर्ध्या किमतीलाही कुणी घेत नाही.

(दृश्य: अगदी जवळून. मातीतून कंद वर येतो.)

हा आला. लिलीचा कंद. लसणाच्या गड्ड्याएवढा, कधी मुठीएवढा, आणि पांढरा. जाड, मांसल पाकळ्या एकमेकींना मिठी मारून बसलेल्या. चिनी नाव 'बायहे', म्हणजे शंभर एकत्र. याचं फूल मात्र भगवं असतं, जुलैत येतं. पण इथल्या शेतात ते फारसं दिसणार नाही, कारण कळ्या उमलायच्या आत खुडून टाकतात. फुलाकडे जाणारं बळ कंदाकडे वळवायचं.

आता वेळेचा हिशेब. मोठ्या कंदाच्या बुडाशी छोटी पिल्लं धरतात. ती वेगळी काढून लावायची आणि तीन वर्षं वाढवायची. मग उपटायची, निवडायची, पुन्हा लावायची. आणखी तीन वर्षं. म्हणजे खाण्याजोगा कंद हातात यायला सहा वर्षं, आणि मोठा हवा असेल तर नऊसुद्धा. काकूंनी आत्ता जो टोपलीत टाकला तो लावला तेव्हा शाळेत पहिलीत गेलेलं पोर आता सातवीत असेल.

(दृश्य: अंगणात कंद निवडणं. मुळं कापणं, माती झटकणं.)

हा कंद औषधात कधी आला? त्यासाठी अठराशे वर्षं मागे जावं लागतं.

चांग चोंगचिंग, आजच्या हनान प्रांतातल्या नानयांगचे वैद्य. हान साम्राज्य मोडकळीला आलं होतं, साथी लागोपाठ येत होत्या. आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिलंय की त्यांच्या कुळात 200 हून जास्त माणसं होती. दहा वर्षांच्या आत त्यातली दोन तृतीयांश गेली, आणि गेलेल्यांपैकी दहात सात तापाने. त्या दुःखातून त्यांनी औषधांचा ग्रंथ लिहायला घेतला.

पुढे ग्रंथ फुटला, हरवला. त्याचा एक भाग आठशेएक वर्षं उशिरा, अकराव्या शतकात, राजदरबारच्या ग्रंथालयात वाळवी लागलेल्या अवस्थेत सापडला. त्यात एका आजाराचं नावच 'लिलीचा आजार' असं आहे. लक्षणं ऐका. खावंसं वाटतं, पण घास जात नाही. झोपावंसं वाटतं, पण झोप येत नाही. उठून चालावंसं वाटतं, पण पाय उचलत नाहीत. माणूस गप्पगप्प असतो. तोंड कडू, लघवी लाल. बघायला गेलं तर शरीर धडधाकट, आणि तरी अंगात काहीतरी संचारल्यासारखं.

हे वाचताना ओळखीचं कुणीतरी आठवतंच. आमच्या टीममध्ये तिघांना तीन वेगवेगळी माणसं आठवली.

(दृश्य: वाडग्यात सात कंद. पाणी ओतलं जातं. रात्र. वेगवान चित्रण.)

औषधही तिथेच दिलंय, आणि ते आम्ही रात्रभर कॅमेरा लावून पाहिलं. सात कंद. हाताने पाकळ्या मोकळ्या करायच्या, सुरी नाही. धुवायचे, रात्रभर पाण्यात ठेवायचे. वरती पांढरा फेस यायला हवा, असं मूळ पाठात स्पष्ट म्हटलंय.

(दृश्य: पहाटेच्या उजेडात वाडग्याच्या कडेला फेसाची बारीक रेघ.)

आला.

ते पाणी फेकून द्यायचं. झऱ्याचं पाणी घालून उकळायचं, निम्मं आटवायचं. गाळून त्यात 'दीह्वांग' नावाच्या मुळीचा ताजा रस, पुन्हा आटवणं, आणि कोमट असताना दोन वेळांत विभागून प्यायचं. शेवटी दोन सूचना: शौचाला काळं, लाखेसारखं होईल. आणि गुण आला की पुढे घेऊ नका.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. चीनच्या सरकारी औषधसूचीत लिलीच्या ज्या जाती आहेत त्यांत लानचौची ही गोड जात नाही. औषधातली लिली थोडी कडवट. डोंगरावरची ही खायची. गुणधर्माचं वर्णन मात्र लोक दोन्हींना तेच लावतात: फुप्फुसाला ओलावा, हृदयाला थंडावा, मनाला स्वस्थता. थंडी वाजून खोकला झालेला असेल किंवा पोट बिघडलेलं असेल तर देत नाहीत, कारण कंद प्रकृतीने थंड.

(दृश्य: बाजार. सुक्या पाकळ्यांचे ढीग. ट्रक.)

सुक्या पाकळ्या पांढऱ्याफटक दिसल्या तर सावध राहा, गंधकाची धुरी दिलेली असू शकते. किंचित पिवळट बऱ्या. एकदा कंद काढला की त्याच जमिनीत लगेच लिली येत नाही, कंद सडतो, बरीच वर्षं दुसरं पीक घ्यावं लागतं. आणि उदासी दोन आठवडे हटेना, झोप-भूक उडाली, तर लिली नव्हे, डॉक्टर.

(दृश्य: स्वयंपाकघर. खिडकीच्या काचेवर वाफ.)

काकूंच्या घरी औषध हा शब्द कुणी काढत नाही. आज 'श्वांगच्यांग', दव गोठून हिमकण पडायचा दिवस, 23 ऑक्टोबरच्या सुमाराला येतो. वर्षाच्या चोवीस ऋतुखुणांपैकी शरदातली ही शेवटची, मग हिवाळा. या चोवीस खुणांची 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. काकूंच्या भिंतीवर त्या कॅलेंडरवर छापलेल्या आहेत, तेवढंच.

भांड्यात आधी खायची पांढरी बुरशी गेली. तिला ते 'रुपेरी कान' म्हणतात. भिजवली की खरंच कानाच्या पाळीसारखी होते. ती मंद आचेवर शिजते, चिकट होते. मग सालीसकट नाशपातीच्या फोडी, सुकी लाल बोरं, खडीसाखर. लिली अगदी शेवटी. पाकळीची कड पारदर्शक झाली की आच बंद. जास्त शिजवली तर विरघळून जाते आणि सहा वर्षं पातेल्यात कुठे गेली ते कळत नाही.

नातवाने एक पाकळी कच्चीच उचलली. कच्चीसुद्धा कुरकुरीत आणि गोड लागते.

(दृश्य: टेबल. वाफाळती वाटी, शेजारी लालभडक तेलाच्या शेवया.)

शरदात तिखट कमी, आंबट जास्त, असा नियम आहे. लानचौ ऐकत नाही. इथली गोमांसाच्या सुपातली हाताने ताणलेली शेव देशभर प्रसिद्ध, आणि तिच्यावर मिरचीचं तेल हवंच. म्हणून आधी वाडगाभर तिखट, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मग ही पांढरी गोड वाटी.

काकांनी दुसरी वाटी पुढे केली. काकूंनी भांड्यावर झाकण ठेवलं.

(दृश्य: झाकणाखालून निसटणारी वाफ. नैसर्गिक आवाज. चित्र काळं होतं.)