लावायचं वेगळं, गिळायचं वेगळं

(हिपॅटायटिस दिनानिमित्त बेळगावात एका त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. विषय काय देऊ म्हणून फोन आला तेव्हा मी म्हटलं, ‘काविळीनंतरचं लाल तोंड.’ पलीकडं क्षणभर शांतता. मग आवाज आला, ‘डॉक्टर, सीमाप्रश्नावर बोला की, त्याला तरी माणसं येतात.’ तरी तुम्ही एवढ्या पावसात आलात, म्हणजे तोंड लाल होणारी माणसं आपल्याकडं बरीच असणार.

सुरुवात खानापूरकडच्या एका मावशींपासून करतो. ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदलले आहेत. पहिल्या बाळंतपणात, १९९० च्या आसपास, त्यांना रक्त चढवलं होतं. रक्तातून पसरून यकृताला सुजवणाऱ्या हिपॅटायटिस सीचा विषाणू सापडला १९८९ साली. आपल्याकडच्या रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची व्हायला पुढं दहा वर्षांहून जास्त काळ गेला. त्या दरम्यान ज्यांना रक्त मिळालं, ज्यांनी जत्रेत एकाच सुईनं गोंदवून घेतलं, ज्यांना उकळून वापरलेल्या सुयांची इंजेक्शनं मिळाली, त्यांतल्या काहींच्या यकृतात हा पाहुणा गुपचूप राहिला. मावशींना तो कळला मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत. आपल्याकडं हिपॅटायटिस बीलाही पांढरी कावीळ म्हणतात आणि सीलाही, त्यामुळं घरात रडारड झाली. मग उपचार सुरू झाले, सोफोसबुव्हिर आणि वेलपाटास्व्हिर या दोन विषाणूविरोधी औषधांची जोडगोळी रोज एक, बारा आठवडे. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी रक्तात विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय अंश, तपासला, विषाणू नाही.

एके काळी याच आजाराला इंटरफेरॉनची इंजेक्शनं सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत. ताप, केस गळणं, मन खचणं हे सगळं सोसून बरे होणारे निम्म्याच्या आसपास. आता शंभरातले पंच्याण्णव तरी बरे होतात, आणि २८ जुलै २०१८ पासून सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून हे उपचार फुकट मिळतात. माझ्या कारकिर्दीत इतका मोठा बदल दुसऱ्या कुठल्या आजारात मी पाहिलेला नाही.

आता मावशींचं तोंड. औषधं संपल्यावर काही महिन्यांत दोन्ही गाल, नाक, हनुवटी तांबूस व्हायला लागली. भाकरी थापायला चुलीपुढं बसल्या की गाल पेटल्यासारखे. बारीक पुळ्या आल्या, पण तारुण्यपीटिकांत असतात तसे काळे ठिपके एकही नाही. शेजारणीनं निदान केलं, ‘गोळ्यांची उष्णता बाहेर पडायलीय. रक्त साफ करायला पाहिजे.’ बाजारात बसणाऱ्या एका वैदूकडून काढ्याची पुडी आली. मुख्य गुळवेल, बाकी काय ते त्यालाच ठाऊक. दीड महिना सकाळ-संध्याकाळ काढा झाला. तोंड होतं तसंच राहिलं, पण डोळे पिवळे झाले.

पुढं जे झालं ते नीट ऐका, कारण ते घरोघरी होऊ शकतं. मुलानं त्यांना गावातल्या लॅबमध्ये नेलं, तिथं हिपॅटायटिस सीची साधी चाचणी झाली आणि रिपोर्ट आला पॉझिटिव्ह. घरात पुन्हा रडारड, ‘गेलेला रोग परत आला.’ तो आला नव्हता. साधी चाचणी विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्यं बघते, आणि ती बऱ्या झालेल्या माणसाच्याही रक्तात बहुधा जन्मभर राहतात. विषाणू आहे का हे आरएनएच्या चाचणीतच कळतं. मावशींची ती निगेटिव्ह आली. काढा बंद केला. दोन महिन्यांत यकृताचे आकडे उतरले.

मग त्या माझ्याकडं आल्या, तोंडासाठी. पिशवीत सगळी औषधं घेऊन या म्हटलं होतं. पिशवीतून एक ट्यूब निघाली. यकृताच्या आजारात अंगाला खाज सुटते, तेव्हा मेडिकलवाल्यानं दिलेली. आधी हाताला लावली, मग तोंडालाही, कारण ‘तोंड कसं गोरंपान दिसायलं’. त्यात जालीम स्टिरॉइड. असलं मलम महिनोन्‌महिने तोंडावर चोळलं की कातडी पातळ होते, खालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि बंद केलं की तोंड आगीसारखं उसळतं. उसळलं की माणूस पुन्हा तेच लावतो. म्हणजे मावशींच्या तोंडाचं कारण ना विषाणू, ना गोळ्या, ना ‘उष्णता’. कारण तीस-चाळीस रुपयांची ट्यूब.

या आजाराचं नाव रोझेशिया. त्याला मराठी शब्द नाही आणि मी घडवतही बसणार नाही. ‘पित्त उठलंय’ म्हणतात ते हे नव्हे. पित्ताच्या गांधी येतात आणि काही तासांत जातात. रोझेशिया तोंडाच्या मधल्या भागात ठाण मांडतो. तो बहुतेकांना तिशीनंतर होतो, ट्यूब न लावताही होतो, आणि कावीळ न झालेल्यांनाही होतो. हिपॅटायटिस सीनं कातडीवर परिणाम होतात हे खरं. लायकेन प्लेनस, म्हणजे खाजणारे जांभळट चट्टे, होतो, पायांवर जांभळे ठिपके उठतात, उन्हानं हाताच्या पाठीवर फोड येतात. त्यामुळं आधी आजार झालेल्या माणसाचं तोंड लाल दिसलं की डॉक्टरनं पाय आणि हातही बघावेत. ज्यांचं यकृत आकसलेलं आहे, म्हणजे सिरोसिस झालाय, त्यांच्या छातीवर, मानेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेघा असतात. मधला ठिपका दाबला की पांढऱ्या होतात आणि सोडला की मधूनच बाहेर भरत जातात. तो रोझेशिया नाही.

इथं माझी एक चूक सांगून टाकतो. पुष्कळ वर्षांपूर्वी वडगावचे एक विणकर आले होते, रंगानं सावळे. पुस्तकात रोझेशियाची चित्रं गोऱ्या माणसांची, गुलाबी गालांची. यांचे गाल मला तपकिरी दिसले. मी वांग म्हणून मोकळा झालो आणि वांगाचं मलम लिहून दिलं, त्यातही स्टिरॉइड होतंच. महिन्यानं ते परत आले तेव्हा डोळेसुद्धा लाल. मी त्यांना ‘भाजतंय का?’ एवढंही विचारलं नव्हतं. सावळ्या कातडीत लाली दिसत नाही, ती विचारावी लागते. भणभणतं का, टोचतं का, साबण झोंबतो का, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं का. डोळ्यांचा प्रश्न तर कधी सोडू नका. रोझेशिया डोळ्यातही उतरतो आणि दुर्लक्ष केलं तर बुबुळापर्यंत जातो.

आणखी एक नेहमीचा गोंधळ गाजर गवताचा. बांधावर, रस्त्याकडेला माजलेलं असतं ते. त्याचे कण वाऱ्यानं उडून तोंडावर बसतात आणि तोंड, मान, पापण्या सुजतात, खाजतात. खाज मुख्य असेल तर आधी गवताचा संशय घ्या, जळजळ मुख्य असेल तर रोझेशियाचा. हे गवत लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

आता करायचं काय? ऊन टाळा. जस्ताचं भस्म, म्हणजे झिंक ऑक्साईड, असलेलं सनस्क्रीन सोसतं. पांढरटपणा नको असेल तर मातकट रंगाचं घ्या. साबण सौम्य. टॉवेलनं खसाखसा पुसणं बंद. उष्णतेचं म्हणाल तर उद्यमबागच्या भट्टीपुढं काम करणाऱ्याला ‘भट्टी सोडा’ म्हणण्यात अर्थ नाही. त्याला मी मानेवर ओला पंचा ठेवायला आणि मधे मधे वाऱ्याला जाऊन उभं राहायला सांगतो. गुऱ्हाळावरच्या माणसालाही तेच.

मिरचीबद्दल मात्र तुम्ही माझ्यावर रागवणार. आपल्या संकेश्वरी मिरचीतला तिखटपणा ज्या मज्जाटोकांना जाऊन भिडतो, तीच टोकं चटका ओळखतात. म्हणून तिखट खाल्लं की अंगाला खरोखर भाजल्यासारखं वाटतं आणि तोंडाच्या रक्तवाहिन्या उघडतात. हा उलगडा करणाऱ्याला २०२१ चं नोबेल मिळालं. हिपॅटायटिस सी शोधणाऱ्यांना २०२० चं, आणि रोझेशियात लावतो ते आयव्हरमेक्टिन नावाचं औषध शोधणाऱ्यांना २०१५ चं. मावशींच्या एका तोंडावर तीन नोबेलं! पण सगळ्यांनाच तिखट बाधत नाही. महिनाभर वहीत लिहा, काय खाल्लं आणि कधी भडकलं. जे दोनदा-तीनदा सापडेल तेवढंच सोडा. चहा-कॉफीत दोष बहुतेक वेळा वाफेचा असतो. कॉफी कोमट करून प्या. यकृताला तर ती बरीच मानवते. दारू मात्र नाही. तोंडासाठीही नाही आणि यकृतासाठी तर नाहीच.

औषधांत मेट्रोनिडाझोल जेल, अझेलिक ॲसिड आणि आयव्हरमेक्टिनचं एक टक्का क्रीम ही तीन लावायची. कातडीतून रक्तात त्यांचा अंश फार थोडा जातो, म्हणून यकृत सोसलेल्या माणसाला मी आधी यांच्याकडंच वळवतो. आयव्हरमेक्टिन म्हटलं की आमच्या शेतकऱ्यांचे डोळे चमकतात. ‘म्हशीला टोचतो तेच की!’ औषध तेच, पण म्हशीची बाटली तोंडाला लावू नका. सांगायची वेळ आलेली आहे म्हणून सांगतो. पुळ्या जास्त असतील तर डॉक्सिसायक्लिन हे पोटात घ्यायचं अँटिबायोटिक कमी मात्रेत. पेलाभर पाण्याबरोबर, आडवं न होता, आणि गरोदरपणात नाही. आयसोट्रेटिनॉइन ही पुळ्यांवरची जोरदार गोळी द्यायची वेळ आली तर यकृताच्या तपासण्या करत करतच. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. आठ दिवसांत डॉक्टर बदलू नका.

आणि आता झाडपाला. बेळगावात बसून झाडपाल्याला नावं ठेवण्याची माझी हिंमत नाही. पारंपरिक वैद्यकावर संशोधन करणारी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय संस्था आपल्याच गावात आहे आणि खानापूरचं जंगल म्हणजे औषधांचं कपाट. माझी आजी कोरफड घरात टांगायची. म्हणून मी सरसकट ‘नको’ म्हणत नाही. मी एकच विचारतो, लावणार की गिळणार?

लावायचं असेल तर वाव आहे. ओट्सचं बारीक पीठ पाण्यात कालवून लावलं तर जळजळ शमते. हिरव्या चहाच्या अर्कानं लालीला थोडा उतार पडल्याचं लहान चाचण्यांत दिसलंय. घरी करायचं तर चहा पूर्ण गार करून त्यात भिजवलेली स्वच्छ घडी दहा मिनिटं ठेवा. ज्येष्ठमधाच्या अर्काची क्रीमं बऱ्याच जणांना मानवतात. कोरफडीचा गर चालतो, पण पान कापल्यावर जो पिवळा चीक निघतो, ज्याचा काळा बोळ करतात, तो पूर्ण निथळू द्या, तो झोंबतो. कॅमोमाइल हल्ली दुकानात दिसतं. इथं गाजर गवत परत आलं बघा. दोघं एकाच कुळातली, त्यामुळं गवताची ॲलर्जी असणाऱ्याचं तोंड कॅमोमाइलनं सुजू शकतं. काहीही नवं आधी कोपराच्या आत चार-पाच दिवस लावून बघा, मग तोंडावर. लिंबू, तुरटी, पुदिना, टूथपेस्ट हे रोझेशियाच्या तोंडावर म्हणजे जखमेवर मीठ.

गिळायचं असेल तर मी थांबवतो. जे गिळतो ते सगळं यकृताकडून जातं. गुळवेलीचंच बघा. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी छापली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती तीच होती का हा त्यांचा मुद्दा. वाद चालू दे. माझा प्रश्न साधा आहे, बाजारातल्या पुडीत कुठली वेल आहे हे मावशींना कोण सांगणार? हिरव्या चहाचा पेला निराळा आणि त्याच्या अर्काची कॅप्सूल निराळी. कॅप्सूलनं यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. मिरी घातलेल्या हळदीच्या गोळ्यांच्याही आहेत. भाजीतल्या हळदीला कुणी काही म्हणत नाही. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, आणि यकृत आकसलेल्या माणसाला ते महागात पडतं.

‘पण लिव्हरसाठी ते काटेरी झाडाचं, सिलिमरिन, ते तरी?’ हे हमखास विचारतात. अमेरिकेत हिपॅटायटिस सीच्या १५४ रुग्णांना ते मोठ्या मात्रेत देऊन पाहिलं, निष्कर्ष २०१२ साली आला. साध्या खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा नाही. नुकसानही विशेष दिसलं नाही, खिशाचं सोडून.

विषाणूच्या गोळ्या चालू असताना तर वैदूचं, मेडिकलचं, भावजयीनं दुबईहून आणलेलं, काहीही डॉक्टरला दाखवल्याशिवाय घेऊ नका. सेंट जॉन्स वॉर्ट नावाची परदेशी वनस्पती सोफोसबुव्हिरला रक्तात टिकू देत नाही, म्हणजे बारा आठवडे पाण्यात. आणि ज्यांचं यकृत आधीच आकसलं होतं, त्यांनी विषाणू गेला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सोडायची नाही. तोंडाच्या नादात ती राहून जाते, मी पाहिलंय.

मावशींची ट्यूब मी हळूहळू बंद केली. पहिले तीन आठवडे तोंड इतकं भडकलं की त्या मला शिव्या देत होत्या. मुलानं त्या मला जशाच्या तशा सांगितल्या. चौथ्या महिन्यात गालावर लाली होती, पण आग नव्हती. ती लाली अजून आहे, ऊन लागलं की वाढते. हा आजार जात नाही, आटोक्यात राहतो.

(प्रश्नोत्तरांतून) एका ताईंनी चिठ्ठी दिलीय. ‘सौंदत्तीला गेलं की भंडारा लावावाच लागतो, मग तोंड जळतं. काय करू?’ ताई, यल्लम्मापुढं मी कोण सांगणार? कपाळावर बोटभर लावा, गालांवर चोळू नका. डोंगर चढायच्या आधी सनस्क्रीन लावा, परत आल्यावर गार पाण्यानं धुवा, पुसू नका, टिपा. आणि घरचीच हळद दळून न्या. बाजारातल्या पिवळ्यात काय असतं हे देवीलाच ठाऊक.