गेटिसबर्ग: दगडावर नाव आलं कसं
पेनसिल्व्हेनियातलं गेटिसबर्ग. सैनिकांच्या दफनभूमीतला हा न्यूयॉर्क राज्याचा विभाग. इथे एकेक उभा दगड दिसत नाही. ग्रॅनाइटची सलग कड जमिनीपासून नऊ इंच वर आलेली, दहा इंच रुंद माथ्यावर नावं कोरलेली. वाचायचं तर वाकावं लागतं. प्रत्येकाच्या वाट्याला दोन फूट जागा. सार्जंट असो की शिपाई, माप तेच. बागरचनाकार विल्यम सॉन्डर्स यांनी आराखडाच तसा आखला: राज्यवार विभाग, अर्धवर्तुळाकार रांगा, सगळ्यांची डोकी मध्याकडे.

या रांगेतलं एक नाव एमस ह्युमिस्टन. सार्जंट, १५४ वी न्यूयॉर्क रेजिमेंट. १ जुलै १८६३ रोजी, गेटिसबर्गच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी मारला गेला. त्याचं नाव इथवर पोचलं, हे नवलच.

उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या त्या अमेरिकी यादवी युद्धात सैनिकाच्या गळ्यात ओळखबिल्ला नसे. लष्कराने तो आणला १९०६ मध्ये. प्रेतं पडली तिथेच उथळ पुरली गेली. डोक्याशी फळी, फळीवर जमलंच तर शिसपेन्सिलीने नाव. चार पाऊस झाले की अक्षरं गेली, आणि शेतात नांगर फिरला की फळीही गेली. गावातले वकील डेव्हिड विल्स यांनी या दफनभूमीची घाई केली ती यासाठी.

प्रेतं उकरून नव्या जागी पुरायच्या कामाला ३४ निविदा आल्या. सर्वांत कमी दर प्रेतामागे १ डॉलर ५९ सेंट. तोच मंजूर झाला. प्रत्यक्ष उकरणं केलं बेझिल बिग्ज या कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या टोळीने. २७ ऑक्टोबरला सुरू झालेलं काम १८ मार्च १८६४ पर्यंत चाललं. म्हणजे १९ नोव्हेंबरला लिंकन इथे बोलले तेव्हा बरेच सैनिक अजून शेतातच होते.

देखरेखीला सॅम्युएल वीव्हर. प्रत्येक प्रेताचे खिसे ते तपासून घेत: पत्रं, पाकिटं, बायबल. खरी पंचाईत वेगळीच होती. दफनभूमी फक्त उत्तरेच्या सैनिकांसाठी. दक्षिणेच्या सैनिकांनी उत्तरेचे कोट-विजारी अंगावर चढवलेल्या असत, त्यामुळे वरच्या कपड्यांवर भिस्त ठेवून चालत नसे. वीव्हर आतले कपडे बघत. दक्षिणेकडचे सुती असत. मग बुटांची घडण बघत. एवढं करूनही दक्षिणेचे काही सैनिक या रांगांत आलेच.

अहवालात आकडा आहे ३,३५४. त्यातल्या ९७९ जणांचं नावच काय, राज्यही कळलं नाही. त्यांच्यासाठी छोटे चौकोनी दगड, वर नुसता क्रमांक.

ह्युमिस्टनच्या अंगावर ना पत्र होतं ना नाव. हातात फक्त काचेवरचा फोटो, तीन मुलांचा. वर्तमानपत्रात तेव्हा फोटो छापता येत नसे, म्हणून तो फोटो ज्यांच्या हाती आला त्या फिलाडेल्फियाच्या डॉक्टर बोर्न्स यांनी वर्णन छापून आणलं: धाकटा उंच खुर्चीत, दोन बाजूंना भाऊ आणि बहीण, भावाचं जाकीट आणि बहिणीचा झगा एकाच कापडाचा. एका ताग्यातून दोघांचे कपडे बेतणारी आई ही खूण विसरणार नव्हती. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावात ह्युमिस्टनच्या बायकोपर्यंत, फिलिंडापर्यंत, ते वर्णन पोचलं. तिने विचारणा केली, फोटोची प्रत आली, आणि नोव्हेंबरमध्ये नाव पक्कं झालं.

दक्षिणेच्या मृतांसाठी इथे जागाच ठेवलेली नव्हती. ते आणखी आठ-दहा वर्षं शेतांतच राहिले. १८७१ ते १८७३ मध्ये वीव्हर यांचे पुत्र रूफस यांनी सुमारे ३,३०० जणांचे अवशेष काढून दक्षिणेला पाठवले, बहुतेक रिचमंडला. त्या कामाचे पैसे त्यांना पुरते कधीच मिळाले नाहीत.