जमावबंदी चालू आहे, तरी या!

(सांगलीतील एका वाचनालयाच्या सभागृहात झालेले व्याख्यान, संपादित करून)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘जनसुरक्षा आणि नागरिक’. विषय भारदस्त आहे, वेळ चाळीस मिनिटांचा. त्यातली दहा सत्कारात गेली. नारळ माझ्या हातात आहे. तो शस्त्र ठरत नाही, अशी आशा करतो.

हसू नका. ज्याला आपण ‘जमावबंदी’ म्हणतो, तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खालचा आदेश. आपल्या जिल्ह्याला त्याची इतकी सवय झालीय की तो निघाल्याचं कुणाला कळत नाही आणि संपल्याचंही. काठी बाळगू नये, दगड साठवू नयेत, पुतळे जाळू नयेत, चिथावणीच्या घोषणा देऊ नयेत, गाणी म्हणू नयेत. पाच किंवा त्याहून जास्त माणसांनी जमू नये. लग्न आणि अंत्ययात्रा वगळून. म्हणजे माणसानं एकतर बोहल्यावर चढावं नाहीतर तिरडीवर. मधल्या काळात चौघांतच राहावं.

आता आमच्या गल्लीची गोष्ट. विश्रामबागेकडच्या आमच्या रस्त्यावरचे दिवे दिवाळीआधी गेले ते गेलेच. अंधाराचा फायदा घेऊन मोटरसायकलवरच्या दोघांनी शेजारच्या काकूंचं गंठण हिसडलं. काकू पडल्या, मनगट मोडलं. तक्रारअर्ज झाले, फोन झाले. शेवटी ठरलं, संबंधित कार्यालयासमोर हातात कंदील घेऊन उभं राहायचं. कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथले दोघे आज श्रोत्यांत आहेत आणि चहा त्यांच्याच शेजारी बसून प्यायचाय.

आम्ही आठ-दहा जण. सगळे साठीच्या पुढचे. आमच्यातला सर्वांत हिंसक माणूस म्हणजे गणिताचे निवृत्त गुरुजी, तेही फक्त खडू फेकायचे. पाच मिनिटांत हवालदारसाहेब आले. माणूस सभ्य. म्हणाले, “काका, जमावबंदी हाय. पाच जणांनी थांबता येत न्हाई.”

गुरुजींनी विचारलं, “म्हणजे चार चालतात?”

“चार चालतात.”

मग काय! चौघे कंदील घेऊन उभे राहिले आणि बाकीचे समोरच्या वड्याच्या गाड्यावर गेले. पाय दुखले की बदली. हवालदारसाहेबांना शंका आली, गाड्यावरचे यांच्यातच धरायचे की काय? गुरुजींना तर संधीच मिळाली. “साहेब, दोन माणसांत किती फुटांचं अंतर असलं म्हणजे जमाव होत नाही?” त्यांनी फोन लावला. तोवर हे काय चाललंय ते बघायला रस्त्यावर गर्दी जमली. आंदोलक चार, प्रेक्षक चाळीस! तेवढ्यात कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाची डीजे लावलेली मिरवणूक त्याच रस्त्यावरून गेली, आणि हवालदारसाहेबांनीच तिला वाट करून दिली. त्यांचा दोष नाही. चौघांना हटवता येतं, चारशेंना वाट करून द्यावी लागते.

मी आदेशाची प्रत मागितली. “पेपरला आलंय की,” म्हणाले. मी वड्याच्या गाड्यावर जाऊन रद्दी उपसली. पाचव्या पानावर, राशिभविष्याच्या खाली, चार बोटं जागेत बातमी. कारण काय दिलेलं? आगामी सण, उत्सव आणि आंदोलनं! म्हणजे आंदोलनं होणार म्हणून आंदोलनाला बंदी. आणि खरी गंमत पुढं. तारखा बघितल्या, तर मुदत आदल्या रात्रीच संपलेली. परत जाऊन कात्रण दाखवलं. हवालदारसाहेबांनी ते नीट वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, “ही संपली आसंल तर दुसरी निघाली आसंल.”

मंडळी, माझं आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्यावर आहे.

कलम ३७ खालची जमावबंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. ही मर्यादा कायद्यानं मुद्दाम घातली. आपण काय केलं? पंधरवडा संपला की नवा आदेश. एकादशीसारखा.

बंदी नकोच, असं मी म्हणत नाही. २००९ साली मिरजेत दंगल झाली तेव्हा संचारबंदीचं कारण विचारायला कुणी गेलं नाही. ते रस्त्यावर दिसत होतं. आणि हे गाव तसं भित्रंही नाही हो. २४ जुलै १९४३ ला वसंतदादांनी इथला तुरुंग फोडून खंदकात उडी घेतली, गोळी खाल्ली. त्याच गावात आम्ही आदेशाची प्रत मागताना आवाज खाली आणतो... असो, दादांवर घसरलो तर आठ वाजतील. संयोजकांची चिठ्ठी आलीच. पाच मिनिटं.

तर भरभर सांगतो. शांततेनं आणि शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ मध्ये आहे, त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात हेही तिथेच आहे. जमावबंदीचंच दुसरं कलम म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं १४४, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६३, यावर सर्वोच्च न्यायालयानं दोनदा महत्त्वाचं सांगितलंय. १९६१ साली बाबूलाल परातेंच्या नागपूरच्या प्रकरणात हा अधिकार वैध ठरवला. १० जानेवारी २०२० ला काश्मीरमधल्या निर्बंधांबद्दलच्या अनुराधा भसीन प्रकरणात बजावलं की आदेश प्रसिद्ध करा, कारणं लिहा, एकामागून एक आदेश काढणं हा अधिकाराचा गैरवापर आहे, आणि रास्त गाऱ्हाणं दाबायला हे कलम नाही. कलम ३७ वेगळ्या कायद्यातलं आहे, पण हीच कसोटी तिथं का लावू नये?

आणि ज्यासाठी तुम्ही आलात ते महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक. जुलै २०२४ मध्ये मांडलं, संयुक्त समितीकडे गेलं, तिच्याकडे १२,००० हून जास्त सूचना आल्या, जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारकडे, शिक्षा सात वर्षांपर्यंत, गुन्हे अजामीनपात्र. रोख कडव्या डाव्या संघटनांवर आहे, सामान्यांनी घाबरू नये, असं सांगतात. असेलही. पण पंधरा दिवसांच्या साध्या आदेशाचं कारण विचारायची सवय आम्हाला नाही. मग संघटनेवरच्या बंदीचं कारण कोण विचारणार?

दुसरी चिठ्ठी आली. दाराशी माहिती अधिकाराच्या अर्जाचे नमुने ठेवलेत. गेल्या वर्षभरातल्या सगळ्या जमावबंदी आदेशांच्या प्रती आणि त्यांच्या फायलीतली कारणं, एवढंच मागायचंय. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. भडंग आणि चहाही तिकडेच आहे, तेव्हा दाराशी जरा गर्दी होईल. चार-चारच्या गटानं जा.