मीटिंगची पहिली पाच मिनिटं

समोर टीम लीडर, एचआरमधली मंडळी आणि ट्रेनर बरेच दिसताहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येते. ऑनलाइन मीटिंगच्या सुरुवातीला आइसब्रेकर म्हणून आपण जे छोटे खेळ घेतो, ते करमणुकीसाठी आहेत असं धरून आखतो आणि तिथेच ते फसतात. माझ्या मते त्यांचं काम एकच आहे. मीटिंग सुरू होताच प्रत्येकाचा आवाज एकदा तरी सगळ्यांच्या कानावर पडायला हवा.

याचं मोल समजायला ऑपरेशन थिएटरकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी तयार केली आणि दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मोठी गुंतागुंत होणाऱ्या रुग्णांचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं. त्या यादीत एक मुद्दा असा आहे की पहिली चीर देण्याआधी सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्स, सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं. केवळ तेवढ्याने फरक पडला असं मी म्हणणार नाही, यादीत इतरही बरंच आहे. पण सुरुवातीला ज्याने तोंड उघडलं, तो पुढे गरज पडली तर वरिष्ठालाही थांबवू शकतो, हा त्यामागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता पडद्यावर काय होतं ते पाहू. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी सेकंदाचा पाचवा भागच जातो. दहा भाषांवर झालेल्या अभ्यासात हे दिसलं आहे. इंटरनेटवर आवाज पोचायलाच कधीकधी तेवढा वेळ लागतो. मग दोघं एकदम बोलतात, दोघंही थांबतात, ‘नाही नाही, तुम्ही बोला’ होतं आणि मितभाषी माणूस माइक म्यूट करून टाकतो. म्हणून ‘कोण सुरुवात करतंय?’ असं हवेत विचारू नका. क्रम आधी सांगा: ‘मी, मग सुजाता, मग इम्रान.’ टीमच्या प्रमुखाने पहिलं उत्तर द्यावं आणि वीस सेकंदांत संपवावं. तो जेवढं बोलेल, तेवढंच पुढचे बोलतात.

प्रश्न कोणता विचारायचा, यावर मात्र थोडं थांबायला हवं. अनोळखी माणसांत जवळीक निर्माण करण्यासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन यांनी वापरलेले १९९७ चे ३६ प्रश्न सगळीकडे फिरत असतात. त्यांच्या प्रयोगात दोन अनोळखी माणसं समोरासमोर बसून पाऊण तास बोलत, हलक्या प्रश्नांपासून हळूहळू खोल जात, आणि उत्तरं दोघंही देत. त्यातला शेवटचा एखादा प्रश्न उचलून सोमवारी सकाळी साहेबांसमोर, पंधरा जणांत विचारणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

आपल्याकडे तर साधे वाटणारे प्रश्नही साधे नसतात. ‘मूळ गाव कुठलं, आडनाव काय’ यातून जात चाचपली जाते, आणि ज्याला ते सोसावं लागलेलं असतं त्याला ते लगेच कळतं. ‘सुट्टीत कुठे जाऊन आलात?’ यातून पगार मोजला जातो. ‘डब्यात काय?’ हाही प्रश्न सगळ्यांना सारखा सोपा नाही. ‘घर दाखवा’ तर नकोच. कुणी एका खोलीतून, मागे चादर बांधून काम करत असतं. मला चालणारे प्रश्न असे: आत्ता हाताच्या अंतरावर असलेली एक वस्तू सांगा. तुमच्या कामातली अशी एक गोष्ट सांगा, जी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळायला हवी. हा दुसरा माझा विशेष आवडता, कारण त्याचं उत्तर उपयोगी पडतं आणि मोठ्या माणसांना आपला वेळ वाया गेला असं वाटत नाही. ‘दोन खरं, एक खोटं’ हा खेळ, म्हणजे स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या आणि त्यातली खोटी कोणती ते इतरांनी ओळखायचं, घ्यायचा असेल तर आदल्या दिवशी कळवा, ऐनवेळी सुचत नाही. आणि ‘पास’ म्हणायची मुभा सुरुवातीलाच, सगळ्यांसमोर द्या.

हिशेबही करा. आठ जण, प्रत्येकी अर्धा मिनिट, चार मिनिटं. पंचवीस जण असतील तर साडेबारा मिनिटं जातात आणि निम्मे जण दुसऱ्या खिडकीत ईमेल बघू लागतात. तिथे तिघातिघांच्या ब्रेकआउट रूम, म्हणजे त्याच मीटिंगमधल्या छोट्या वेगळ्या खोल्या, करा. दोघांत अवघडलेपण येतं, चौघांत एक जण लपतो. त्या छोट्या खोलीत मराठी, हिंदी, जी भाषा जमेल ती बोलू द्या. इंग्रजीत वाक्य जुळवता जुळवता गप्प राहणारी हुशार पोरं तिथे मोकळी होतात, हे मी वारंवार पाहिलं आहे.

पन्नासच्या वर लोक असतील तर चॅट वापरा. सगळ्यांनी उत्तर टाइप करायचं, पण ‘पाठवा’ म्हटल्यावरच एंटर दाबायचं. म्हणजे पहिल्याचं पाहून बाकीचे लिहीत नाहीत. कॅमेऱ्याची सक्ती नको. गावाकडून मोबाइल डेटावर जोडलेल्याला ती परवडत नाही. शिवाय स्वतःचा चेहरा सतत समोर दिसण्यानेही थकवा येतो, असं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडलं आहे.

हल्ली निम्मे ऑफिसात आणि निम्मे घरी असतात, त्याबद्दल शेवटचं सांगते. कॉन्फरन्स रूममधली माणसं आपसात बोलत राहतात आणि पडद्यावरचे दोघं प्रेक्षक होतात. तिथे फेरी नेहमी पडद्यापासून सुरू करा, आणि खोलीतल्या प्रत्येकाने बोलण्याआधी आपलं नाव सांगावं. एका माइकवर सहा जणांचे आवाज ओळखू येत नाहीत.