पुस्तक उघडण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. मनाचे चढउतार समजून घ्यायचे म्हणून पुष्कळ जण पुस्तक हाती घेतात. ते वाचायचं कसं, हे आज सांगायचं आहे. पण आधी एका खोक्याविषयी.

एमिल क्रेपेलिन हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ. १८८६ मध्ये ते दोर्पातला, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूला, प्राध्यापक झाले. तिथल्या बहुतेक रुग्णांची भाषाच त्यांना येत नव्हती, सगळं दुभाष्यामार्फत. १८९१ मध्ये ते हायडेलबर्गला आले आणि तिथे त्यांनी एक पद्धत बसवली. नवा रुग्ण तपासला की निदान चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी खोक्यात टाकायची. काही काळाने चिठ्ठ्या बाहेर काढायच्या आणि रुग्णाचं पुढे काय झालं ते शेजारी ठेवून बघायचं, की आपलं कुठे चुकलं? शिवाय प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड, त्यावर वर्षानुवर्षांच्या नोंदी. त्यातून दिसलं असं, की भरतीच्या दिवशी दोघे अगदी सारखे दिसतात. पुढे एक जण बरा होऊन घरी जातो, दुसरा खालावत राहतो. आणि एकाच माणसाला कधी खोल उदासी, कधी उन्माद, मधल्या काळात तो ठणठणीत. १८९९ मध्ये पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत त्यांनी ही दोन टोकं एकाच आजारात धरली. आजचा बायपोलर, म्हणजे दोन टोकांचा आजार, त्यातूनच पुढे आला. वंश आणि पिढ्यांगणिक माणसांचा ऱ्हास होतो यांबद्दलची त्यांची मतं मला मुळीच मान्य नाहीत, पण ते खोकं मात्र फार मोलाचं.

कारण मन एका दिवसात कळत नाही. पुन्हा सांगते, एका दिवसात कळत नाही.

तेव्हा पुस्तकासोबत एक तक्ता ठेवा. कागदावरच ठेवा, मोबाइलपेक्षा कागद बरा, अख्खा महिना एका नजरेत दिसतो. रोज रात्री ठरल्या वेळी मनःस्थितीला आकडा द्या: उणे पाच ते अधिक पाच, शून्य म्हणजे नेहमीसारखं. शेजारी झोपेचे तास, घेतलेली औषधं, दारू, आणि बायकांनी पाळीची तारीख. चार दिवस राहून गेले तर आठवून भरू नका, रकाने कोरे सोडा. आजचं मन वाईट असलं की मागचा सगळा आठवडाच वाईट भासतो, आणि तक्ता खोटा होतो. पाळीशी संबंध आहे का हे ठरवायला किमान दोन पाळीचक्रांच्या नोंदी लागतात.

झोपेच्या रकान्याकडे नीट बघा. चार तास झोप आणि तरीही उत्साह ओसंडतोय, बोलणं थांबत नाही, खर्च वाढलाय, असं सलग चार दिवस दिसलं तर पुस्तक मिटा आणि डॉक्टरांकडे जा. नुसती उदासीची गोळी अशा माणसाला कधी कधी उन्मादाकडे ढकलते, म्हणून हे चार दिवस त्यांना सांगायलाच हवेत.

पुस्तक निवडताना पाहा, त्यात लिहून करायचे सराव आहेत का, आणि डॉक्टरांकडे केव्हा जावं हे स्पष्ट सांगितलंय का. औषधं बंद करा म्हणणारं पुस्तक परत ठेवा. लिथियम, म्हणजे हे चढउतार आवरणारं औषध, एकाएकी सोडलं तर आजार जोराने उलटतो. आठवड्याला एकच प्रकरण, हातात पेन्सिल, आणि सराव केल्याशिवाय पुढचं पान नाही. मन फार खाली असताना दोन पानं पुरेत. तेव्हा मजकूर डोक्यात शिरत नाही आणि माणूस त्याचाही दोष स्वतःला देतो. म्हणूनच उदास माणसाला न विचारता असलं पुस्तक भेट देऊ नये असं मला वाटतं. त्याच्याबरोबर फिरायला जावं.

दोन आठवडे आकडा खालीच राहिला तर तक्ता घेऊन डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटू लागला तर मात्र आकड्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी, कुणाला तरी सोबत घेऊन जा. त्याच दिवशी. तक्ता राहिला घरी तरी चालेल.