हा श्वास थांबवू नका

खाटेवरच्या माणसाचा श्वास ऐका. खोल, एका लयीत, मिनिटाला 34. छातीत कुठेही घरघर नाही. बोटावरच्या क्लिपवर ऑक्सिजन 98. मग एवढी धाप कशाची?

रक्तात आम्ल साचलंय आणि फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून त्याची भरपाई करतायत. अडॉल्फ कुसमाउल या जर्मन डॉक्टरांनी 1874 मध्ये मधुमेहाच्या अत्यवस्थ रुग्णांमध्ये असाच श्वास टिपला. आजही तो त्यांच्याच नावानं ओळखतात.

मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं. काही मिनिटांत एबीजीचा, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू आणि आम्ल मोजणाऱ्या तपासणीचा, कागद हाती येतो. पीएच 7.24 (हा आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त), कार्बन डायऑक्साइड 19, आम्ल शमवणारं बायकार्बोनेट म्हणजेच बायकार्ब 8. कार्बन डायऑक्साइड किती असायला हवा? बायकार्बची दीडपट करा, त्यात 8 मिळवा, झाले 20. दोनाचा फरक चालतो. म्हणजे फुप्फुसं चोख काम करतायत.

आता सोडियम 136. त्यातून क्लोराइड 98 आणि बायकार्ब 8 वजा. उरले 30. हाच अॅनायन गॅप, रक्तात न मोजलेली आम्लं किती साचलीत याचा अंदाज. एरवी तो साधारण 12 च्या आत असतो. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर मात्र तो फसवतो, आहे त्यापेक्षा लहान दिसतो. गॅप वाढला की कीटोन (इन्सुलिन कमी पडून चरबी जळताना साचणारी आम्लं), लॅक्टेट, निकामी मूत्रपिंडं, मिथेनॉलसारखं विष, सगळं शोधायचं. नुसत्या जुलाबांत बायकार्ब वाहून जातं, तिथे गॅप सहसा वाढत नाही.

इथे साखर 480, कीटोन भरपूर. हात इन्सुलिनकडे जातो. पण पोटॅशियम आहे 3.1. इन्सुलिन ते पेशींमध्ये ढकलेल आणि हृदयाची लय बिघडेल. म्हणून आधी सलाईन आणि पोटॅशियम, ते वर आलं की मग इन्सुलिन.

बायकार्बचं इंजेक्शन द्यायचा मोह होतोच. कागदावरचा आकडा सुधारतो, कीटोन तसेच राहतात. मधुमेहाच्या अशा रुग्णात पीएच 7 च्या खाली गेल्याशिवाय सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत.

याहून घातक घाई म्हणजे माणूस दमलेला दिसतोय म्हणून श्वासनलिकेत नळी टाकणं आणि व्हेंटिलेटर मिनिटाला नेहमीच्या 14 श्वासांवर ठेवणं. कार्बन डायऑक्साइड 40 वर गेला की याच रक्ताचा पीएच होतो 6.92. नळी टाकावीच लागली, तर यंत्रालाही तसाच खोल, भराभर श्वास द्यायला लावायचा.

काही तासांनी साखर 240 वर येते. गॅप अजून 19. म्हणजे आम्ल अजून आहे. इन्सुलिन चालूच राहतं, साखर फार उतरू नये म्हणून सोबत आता डेक्स्ट्रोजची, म्हणजे साखरेच्या पाण्याची, बाटली लागते.