पऱ्यावर भरलेली शाळा

(दृश्य: पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे, उतरणारी पायवाट, मुलांची रांग)

रत्नागिरी जिल्ह्यातली एक वाडी. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आहे, पण दप्तरं आज वर्गातच राहिली. मुलांच्या डोक्यावर घमेली आणि काखेत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा. अख्खा पट एका चौकटीत मावतो.

पोरं निघाली आहेत बंधारा घालायला.

वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा मुलूख. पण जमीन उताराची, जांभा सच्छिद्र. पडलेलं पाणी धावत समुद्र गाठतं. पावसात काठ सोडून वाहणारा हा पऱ्या उन्हाळ्याआधीच आटतो आणि मे महिन्यात जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. तेव्हा पाणी अडवायचं ते आत्ताच, धार बारीक झाल्यावर, पण तुटायच्या आत.

त्यासाठी हा वनराई बंधारा. माजी केंद्रीय मंत्री मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेमुळे त्याला हे नाव मिळालं. धारिया कोकणातलेच, महाडजवळच्या नाते गावचे. ना सिमेंट लागतं, ना ठेकेदार. लागतात गोण्या, माती आणि माणसं.

(दृश्य: अंगणात गोण्या झटकणारी मुलं)

गोण्या मुलांनीच जमवल्या. गणपतीआधी चाकरमान्यांनी घरांची डागडुजी काढली होती, तिथल्या या. “आजी, रिकामी गोणी हाय काय?” असं विचारत पोरं घरोघरी फिरली. एका आजीने गोणी दिली ती आतले कांदे दुसरीकडे ओतून. सिमेंट झटकताना तोंडाला रुमाल बांधायचा, हा बाईंचा नियम. तो सगळ्यांनी पाळलेला नाही, हे दिसतंच आहे.

(दृश्य: दाभण, सुतळी, जवळून हात)

आता हे हात बघा. चौथीतली मुलगी आहे. गोणीचं तोंड दुमडून घेते, दाभण आरपार घालते, सुतळी ओढून गाठ मारते. दर टाक्याला जीभ दातांत. गोणी तिने पाऊणच भरून घेतली आहे. गच्च भरलेली गोणी गोल होते, नीट बसत नाही आणि फटीतून पाणी निसटतं. हे तिला कोणी फळ्यावर शिकवलेलं नाही. गेल्या वर्षी तिसरीत असताना तिने तो फटीतला झरा पाहिला होता.

पहिलीतल्यांकडे माती. एक घमेलं दोघांत. त्यातली निम्मी वाटेतच सांडते.

(दृश्य: पाण्यात उभे गावकरी, थरावर थर)

सकाळी मोठी माणसं भाताच्या झोडणीत होती, ती दुपारनंतर आली. भरलेली गोणी उचलणं पोरांच्या आवाक्यातलं नाही. पाण्यात उतरून थर लावायचं काम बाप्यांचं. भिंतीत विटा लावतात तशी सांध्यावर गोणी येते, मध्ये चिखल ठासायचा. मधला भाग जरा खाली ठेवायचा, म्हणजे जास्तीचं पाणी वरून निघून जातं आणि बंधारा ढासळत नाही.

हे पाणी मात्र शाळेच्या वाडीचं नाही. बंधारा आहे खालच्या वाडीच्या विहिरीच्या जरा पुढे, पाणी तुंबावं ते विहिरीशेजारी म्हणून. त्या वाडीत शाळेत जाणारं एकही मूल आता उरलेलं नाही. लेक-सुना मुंबईला, घरात म्हातारी माणसं. त्यांच्या हंड्यासाठी ही वरच्या वाडीची पोरं चिखलात आहेत. वीसच्या आत पट असलेल्या शाळांचं काय करायचं, याचे कागद वरती फिरत असतात. त्या कागदांवर या दुपारची नोंद कुठल्या रकान्यात करणार?

(दृश्य: काठोकाठ पाणी, विहीर, परसातले वाफे)

महिन्याभरात विहिरीचं पाणी चढलं, परसात लाल माठ आणि मुळा झाला, गुरांचीही सोय झाली.

(दृश्य: मुलं हातपाय धुताना)

एक काम बाकी राहतं. पावसाआधी गोण्या काढून घ्याव्या लागतात, नाहीतर पहिल्या पुरात सगळं प्लास्टिक समुद्राला मिळतं. ते मे महिन्यात. तेव्हा मुंबईची चुलतभावंडंही सुट्टीला आलेली असतात, त्यांनाही जुंपता येतं.